क्रिम्झन राजाचा दरबार : एका ध्वनिमुद्रिकेची पन्नाशी

जुना ग्रंथ पुन्हा छापला गेला की जाणता वाचक दोन प्रश्न विचारतो. मजकूर तोच आहे ना? आणि संपादकाने तो कोणत्या प्रतीवरून सिद्ध केला? ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र असे प्रश्न फार काळ कोणी विचारीत नसे. तबकडी एकदा बाजारात आली म्हणजे तिच्यावरील गाणे कायमचे ठरले, अशीच सर्वसाधारण समजूत होती. ही समजूत किती अपुरी आहे हे ज्या ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासावरून स्पष्ट होते, त्यांत ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’, म्हणजे ‘क्रिम्झन राजाच्या दरबारात’, या इंग्रजी ध्वनिमुद्रिकेचे स्थान मोठे आहे. १० ऑक्टोबर १९६९ रोजी ती इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. २००९ मध्ये चाळिसाव्या आणि २०१९ मध्ये पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. आणि तरुणपणापासून ती ऐकत आलेल्या रसिकांपुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला : इतकी वर्षे आपण ऐकले ते नेमके काय?

ही ध्वनिमुद्रिका ज्या गटाने निर्माण केली त्याचे नाव किंग क्रिम्झन. १३ जानेवारी १९६९ रोजी लंडनमधील फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका उपाहारगृहाच्या तळघरात या गटाची तालीम सुरू झाली. रॉबर्ट फ्रिप गिटार वाजवीत. ग्रेग लेक गात आणि बास गिटार सांभाळीत. मायकेल जाइल्स यांच्याकडे ड्रम होते. इयन मॅकडॉनल्ड बासरी, सॅक्सोफोन आणि कळफलकाची वाद्ये वाजवीत. आणि पाचवे पीटर सिनफील्ड हे गीते लिहीत व रंगमंचावरील प्रकाशयोजना पाहत. अवघ्या सहा महिन्यांत, ५ जुलै १९६९ रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्स या ख्यातनाम गटाच्या विनामूल्य कार्यक्रमात त्यांना वाजविण्याची संधी मिळाली आणि लाखो श्रोत्यांनी त्यांना ऐकले.

रॉक संगीत तोवर बहुतांशी नृत्याचे आणि छोट्या गीतांचे होते. या पाच जणांनी त्यात पाश्चात्य अभिजात संगीताची भव्यता आणि जाझची उत्स्फूर्तता आणली. पुढे ज्या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव पडले, त्याच्या आरंभीच्या आणि सर्वांत प्रभावी कृतींत या ध्वनिमुद्रिकेची गणना होते. तिच्यात रचना पाचच, आणि त्यांचा एकूण अवधी सुमारे चव्वेचाळीस मिनिटांचा. पहिल्या रचनेत व्हिएतनाममधील युद्धाची होरपळ आहे, दुसरीत बासरीची शांतता आहे, तिसरीत माणसाच्या भवितव्याविषयीची खिन्नता आहे. चौथी एका हळुवार गीताने सुरू होऊन दीर्घ, जवळजवळ निःशब्द अशा वादनात विरघळते, आणि शेवटच्या रचनेत त्या काल्पनिक राजाचा दरबार भरतो.

हे ध्वनिमुद्रण १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लंडनच्या वेसेक्स ध्वनिमुद्रणगृहात झाले. प्रारंभी टोनी क्लार्क या नामवंत निर्मात्याच्या देखरेखीखाली प्रयत्न झाला. पण तो सोडून देण्यात आला आणि वयाच्या विशीतील या तरुणांनी निर्मितीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. यंत्र आठ मार्गांचे होते, म्हणजे एकाच फितीवर आठ ध्वनी वेगवेगळे नोंदविता येत. गटाच्या कल्पना आठांत मावणाऱ्या नव्हत्या. म्हणून आठ मार्ग भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या फितीवर एकदोन मार्गांत उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या मार्गांवर नवे थर चढवायचे, अशी पद्धत अवलंबिली गेली. प्रत्येक उतरणीत ध्वनीचे तेज थोडे कमी होई. तबकडीवर जे भव्य भासले, त्याच्या तळाशी हे मालिन्य प्रारंभापासूनच होते.

प्रसिद्धीनंतर ध्वनिमुद्रिका इंग्लंडच्या विक्रीसूचीत पाचव्या आणि अमेरिकेच्या सूचीत अठ्ठाविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. द हू या गटाचे पीट टाउनशेंड यांनी तिचा मुक्तकंठाने गौरव केला; अमेरिकन समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी तितक्याच कठोरपणे तिला नकली ठरविले. परंतु हे यश भोगायला गट एकत्र राहिलाच नाही. डिसेंबर १९६९ मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच, मॅकडॉनल्ड आणि जाइल्स यांनी गट सोडण्याचा निर्णय घेतला, आणि लवकरच लेकही गेले. आवेष्टनावरील तो किंकाळी फोडणारा लाल चेहरा रंगविणारे बॅरी गॉडबर हे सिनफील्ड यांचे मित्र. ते संगणकाच्या क्षेत्रात काम करीत. फेब्रुवारी १९७० मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. एक वर्षही पुरते न टिकलेल्या सहवासाची ही एकच संपूर्ण ध्वनिमुद्रिका मागे उरली.

आता तिच्या मूळ फितीची कथा. अंतिम मिश्रण ज्या यंत्रावर नोंदविले गेले, त्याचे ध्वनिमुद्रण करणारे शीर्ष जागेवर काटेकोरपणे बसलेले नव्हते. हा फरक अगदी थोडा होता. पण त्यामुळे उंच स्वरांची धार बोथट झाली आणि काही ठिकाणी नको असलेली विकृती आली. अमेरिकन आवृत्तीची तयारी करताना हा दोष ध्यानात आला. तो झाकण्यासाठी मूळ फितीवरून एक दुरुस्त प्रत करण्यात आली आणि मूळ फीत बाजूला ठेवण्यात आली. ती बाजूला पडली ती कित्येक वर्षे! पुढच्या आवृत्त्या त्या प्रतीवरून किंवा प्रतींच्या प्रतींवरून निघत राहिल्या. तबकडीचे युग संपून कॉम्पॅक्ट डिस्कचे युग आले, फ्रिप यांनी स्वतः लक्ष घालून ध्वनी स्वच्छ करविला. पण हाताशी होती ती प्रतच. दुरुस्तीच्या हेतूने केलेल्या प्रतीनेच मूळ वस्तू विस्मृतीत ढकलली, हा या कथेतील मोठा विरोधाभास होय.

या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ती मूळ फीत एका साठवणगृहात सापडली, आणि २००४ मध्ये तिच्यावरून सिद्ध केलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. पस्तीस वर्षांनंतर झांजांचा झणत्कार आणि बासरीतला श्वास पुन्हा स्वच्छ ऐकू आला. २००९ मध्ये आणखी पुढचे पाऊल पडले. स्टीव्हन विल्सन या इंग्रज संगीतकाराने फ्रिप यांच्या सहकार्याने अंतिम मिश्रणाच्याही मागे जाऊन, थर उतरविण्यापूर्वीच्या आठमार्गी फिती एकत्र जुळविल्या आणि मिश्रण नव्याने केले. जे ध्वनी १९६९ मध्ये उतरणीत मंदावले होते, ते या मिश्रणात प्रथमच आपल्या मूळ तेजाने आले. ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा विल्सन यांना दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे स्वरूप समजते. पोथी लिहिणारी पिढी वेगळी आणि तिची संहिता शोधणारी पिढी वेगळी, असाच हा प्रकार आहे.

येथे रसिकांत मतभेद झाले आणि ते उपेक्षणीय नाहीत. नव्या मिश्रणात चौथ्या रचनेतील दीर्घ वादनाची सुमारे तीन मिनिटे वगळण्यात आली. हे वादन अनेकांना पूर्वीपासून रेंगाळलेले वाटत असे, आणि ज्याने ते वाजविले त्या फ्रिप यांच्या संमतीनेच ही काटछाट झाली. तरीही प्रश्न उरतोच. चाळीस वर्षे लोकांच्या कानात वसलेल्या कृतीला कात्री लावण्याचा अधिकार कर्त्याला तरी राहतो काय? ज्यांनी ही तबकडी ऐन उमेदीत, मित्रांच्या खोलीत, सुई खरखरत असताना ऐकली, त्यांच्या दृष्टीने ती खरखर आणि तो मंदावलेला स्वर हा त्या कृतीचाच भाग झाला होता. उलट, ज्यांनी नवे मिश्रण ऐकून प्रथमच मायकेल जाइल्स यांच्या ड्रमवरील नाजूक काम ओळखले, त्यांना वाटले की आपण खरी ध्वनिमुद्रिका आज ऐकली.

सूक्ष्म विचार केला तर ‘खरी’ हा शब्दच येथे अडचणीचा आहे. पहिल्या रचनेत लेक यांचा आवाज मुद्दाम विद्रूप केलेला आहे. तो दोष नव्हे, तो अर्थ आहे. यंत्राच्या शीर्षामुळे आलेली विकृती मात्र अपघात होती. शुद्धीकरण करणाऱ्याला या दोहोंतला भेद ओळखावा लागतो, आणि तेवढ्यासाठी केवळ तांत्रिक ज्ञान पुरत नाही; कृतीचा आशय कळावा लागतो. शिवाय या ध्वनिमुद्रिकेचा प्राण असलेले मेलोट्रॉन हे वाद्यही मुळात प्रतिध्वनीचेच आहे. त्याच्या प्रत्येक पट्टीशी एक फीत जोडलेली असते आणि तिच्यावर व्हायोलिनांचा किंवा बासरीचा एकच स्वर नोंदविलेला असतो. पट्टी दाबली की सुमारे आठ सेकंद तो ऐकू येतो आणि थांबतो. म्हणजे क्रिम्झन राजाच्या दरबारातील तो गंभीर वाद्यवृंद त्या दालनात कधी उपस्थितच नव्हता. जी कृती उतरविलेल्या स्वरांतूनच उभी राहिली, तिची एकच निर्भेळ मूळ प्रत शोधणे हे काहीसे मृगजळामागे धावणे आहे.

सुदैवाने नव्या आवृत्त्यांच्या संपादकांनी हे ओळखलेले दिसते. २००९ च्या आवृत्तीत छोट्या केलेल्या रचनेचे संपूर्ण रूपही दिलेले होते. २०१९ मध्ये विल्सन यांनी स्वतःचेच काम पुन्हा तपासून आणखी एक मिश्रण सिद्ध केले, म्हणजे दुरुस्तीलाही अंतिम शब्द मानले नाही. २०२० मध्ये तर त्या एका वर्षातील सर्व उपलब्ध ध्वनिमुद्रण, तालमी, फसलेले प्रयत्न आणि प्रत्यक्ष कार्यक्रम धरून, सव्वीस तबकड्यांच्या संचात रसिकांपुढे ठेवले गेले. चिकित्सक संपादक पाठभेद पुसून टाकीत नाही. तो ते शेजारी शेजारी मांडतो आणि निवड वाचकावर सोपवितो. येथे तेच घडले.

या उत्सवाला वियोगाची किनारही आहे. ग्रेग लेक २०१६ मध्ये निवर्तले, इयन मॅकडॉनल्ड २०२२ मध्ये आणि पीटर सिनफील्ड २०२४ मध्ये. फ्रिप यांनी पुढे अनेक वेळा सहकारी बदलून गट चालविला. पन्नासाव्या वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये नव्या सहकाऱ्यांसह कार्यक्रम केले. आणि डिसेंबर २०२१ मध्ये टोकिओतील कार्यक्रमानंतर गटाने विराम घेतला. मूळ पाच जण त्या तळघरातल्यासारखे पुन्हा एकत्र येणे आता शक्य नाही. परंतु फितीवर त्यांचे जे आठ-आठ मार्ग वेगवेगळे जपले गेले, त्यांतून प्रत्येकाचा हात स्वतंत्रपणे ओळखता येतो, आणि एकमेकांकडे ते किती लक्षपूर्वक कान देत होते हेही कळते. माणसे पांगली, तरी त्यांनी एकमेकांना दिलेली ती दाद टिकली. ती नव्या पिढीच्या कानापर्यंत पोहोचविणे एवढे जरी एखाद्या पुनःप्रकाशनाने साधले, तरी त्याचे प्रयोजन सफल झाले असे म्हणावे लागेल.