रामदास बोट आणि अमावास्येचा दोष



माझं माहेर अलिबाग तालुक्यातलं, रेवस बंदराच्या वाटेवरचं. आषाढ अमावास्येला आम्ही दिवे घासायचो आणि आजी दारातच बजावायची, "आज पाण्याकडे फिरकायचं नाही. रामदास हाक मारते." किनाऱ्यावर त्या रात्री माणसांचे आवाज येतात, ओ दिली की माणूस ओढला जातो, असं सगळा गाव सांगायचा. आम्ही पोरी गोधडीत घट्ट डोळे मिटून पडायचो.

रामदास ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी आगबोट. 17 जुलै 1947, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. अमावास्येच्या सणासाठी मुंबईतले चाकरमानी घरी निघाले होते. सकाळी आठच्या सुमारास बोट सुटली. वाटेत पाऊस आणि वारा वाढला, मोठ्या लाटा आल्या. बोट एका बाजूला कलली, घाबरलेले लोक एकाच अंगाला धावले आणि काश्याच्या खडकाजवळ ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबाग, पेण, उरण भागातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही.

बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. त्यामुळे बोट बुडाल्याचं मुंबईला कित्येक तास कळलंच नाही. मासळी घेऊन निघालेल्या रेवसकडच्या कोळ्यांनी मात्र दिसतील त्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतलं. त्यांच्यामुळे अनेकांचा जीव वाचला.

आता सांगा, यात अमावास्येने काय केलं? भर पावसाळा, खवळलेला दर्या, खच्चून भरलेली बोट, हाक मारायला यंत्र नाही. ही सगळी कारणं माणसांच्या हातातली. पण दोष तिथीला दिला की कुणालाच जाब विचारावा लागत नाही. मला ही दंतकथा भुतापेक्षा जास्त भीतीदायक वाटते ती यासाठी.

आपल्या रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी लोकमूढता सांगितली आहे. सगळे करतात म्हणून, विचार न करता, समुद्रस्नानाला किंवा वाळूच्या ढिगाला धर्म मानणं, ही ती मूढता. तिथीला मारेकरी ठरवणं त्याच्याच शेजारचं.

तरी आजीला मी कधी हसले नाही. फार उशिरा कळलं, तिचा धाकटा दीर त्याच बोटीत होता. देह मिळाला नाही. ती हाक तिच्यासाठी भुताची नव्हतीच, घरच्या माणसाची होती. रडायला जागा नव्हती, म्हणून तिने भीती जपली.

गेल्या वर्षी माझी मुलगी पावसाळ्यात खाडीपलीकडे जायला निघाली. मी तिला तिथी विचारली नाही. हवामानाचा इशारा काय आहे, होडीत किती माणसं बसवतात, लाइफ जॅकेट मिळतं का, एवढंच विचारलं. जॅकेट पुरेशी नाहीत म्हटल्यावर ती लांबच्या रस्त्याने, एसटीने गेली.

आषाढ अमावास्येला मी आजही दिवे घासते. नंतर पाच मिनिटं डोळे मिटून त्या जीवांसाठी णमोकार म्हणते, आणि होड्या वळवणाऱ्या त्या कोळ्यांची आठवण काढते. मुलीला आता गोष्ट सांगताना भूत वगळते, बाकी सगळं सांगते.