वाडवडिलांच्या वेळी नव्हते?

ख्रिस्तसभेच्या उपासनेत एखादा बदल झाला की आपल्या धर्मग्रामांत एक वाक्य हमखास ऐकू येते: "आमच्या वाडवडिलांच्या वेळी हे नव्हते!" दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, तेव्हा हे वाक्य अनेक घरांतून उच्चारले गेले. पुढे ख्रिस्तप्रसाद हातावर घेण्याची मुभा मिळाली, तेव्हाही तोच उद्गार निघाला. ज्या आजीने जन्मभर लॅटिन प्रार्थना, शब्दाचा अर्थ कळत नसतानाही, भक्तिभावाने ऐकल्या होत्या, तिच्या डोळ्यांत या बदलाने पाणी आले असेल, तर त्याची थट्टा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. तथापि तिच्या उद्गारातील 'वाडवडील' हा शब्द आम्हांस थोडे थांबून विचार करायला लावतो. कोणते वाडवडील? आपली घरगुती आठवण फार तर आजोबा-पणजोबांपर्यंत पोहोचते. ख्रिस्तसभेचे वय दोन हजार वर्षांचे आहे. दोन-तीन पिढ्यांत जे दिसले नाही ते नवे, असे म्हणण्यापूर्वी त्यामागच्या पिढ्यांनाही विचारले पाहिजे.

उपासनेविषयीचे संविधान विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केले. २,१४७ मते अनुकूल पडली, विरोधी केवळ ४. या संविधानात मिस्साविधीसंबंधी एक महत्त्वाची सूचना आहे. काळाच्या ओघात जे लोपले, त्यातील जे योग्य वा आवश्यक वाटेल ते पूर्वजांच्या काळातील रीतीनुसार पुन्हा प्रस्थापित करावे, अशा आशयाची ती आहे. म्हणजे ज्या परिषदेवर नवेपणाचा आरोप झाला, तिने स्वतः मात्र हरवलेले परत आणण्याची भाषा केली होती.

हरवले होते तरी काय? त्यासाठी दुसऱ्या शतकातील रोम शहरात जावे लागेल. तेथे जस्टिन नावाचे एक तत्त्वज्ञ ख्रिस्ती शिकवण देत असत. पुढे त्यांनी श्रद्धेसाठी रक्त सांडले. इ. स. १५५ च्या सुमारास त्यांनी सम्राट अंतोनिनस पायस यांना उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बाजूने एक निवेदन लिहिले आणि त्यात रविवारच्या सभेचे वर्णन केले. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणे वाचली जात. मग अध्यक्षस्थानी असलेली व्यक्ती उपदेश करी. त्यानंतर सर्वजण उभे राहून एकत्र प्रार्थना करीत. शांतीचे चुंबन दिले-घेतले जाई. भाकर, द्राक्षारस व पाणी आणले जाई, आभारप्रार्थना होई आणि लोक 'आमेन' म्हणत. जे येऊ शकत नसत, त्यांच्याकडे डीकन प्रसाद घेऊन जात. जमलेली दानरक्कम अनाथ, विधवा, रुग्ण, बंदिवान आणि परक्या प्रवाशांसाठी वापरली जाई.

आजच्या रविवारच्या मिस्सेशी हे वर्णन ताडून पाहावे. आपण जिला विश्वासूंची प्रार्थना म्हणतो, ती येथे आहे. प्राचीन काळानंतर ती रोमन मिस्सेतून गळून पडली आणि केवळ गुड फ्रायडेच्या उपासनेत तिचे रूप टिकून राहिले. म्हणजे आमच्या आजी-आजोबांनी ती वर्षातून एकदा, लॅटिनमध्ये का होईना, ऐकलीच होती. परिषदेने तिला पुन्हा मिस्सेत स्थान दिले. शांतीची खूणही येथे आहे. तिला आपल्या मातीचे रूप मिळाले, ते भारतीय बिशपांच्या मागणीवरून १९६९ साली रोमने मान्य केलेल्या बारा मुद्द्यांमुळे. हात जोडून एकमेकांस शांती देण्याची रीत त्यांत होती. शेजारच्या बाकावरील माणसाला आपण नमस्कार करतो तेव्हा आपली भारतीय रीत आणि अठराशे वर्षांपूर्वीची रोमन रीत यांची भेट होते.

ख्रिस्तप्रसाद हातावर घेण्याची गोष्टही अशीच आहे. जेरुसलेमचे बिशप संत सिरिल यांच्या नावाने चालत आलेल्या चौथ्या शतकातील प्रवचनांत नव्या ख्रिस्ती जनांना शिकवले आहे, की डाव्या हाताचे उजव्यासाठी सिंहासन करावे आणि राजाचा स्वीकार करावा. एक कणही खाली सांडू देऊ नये. प्रसाद जिभेवर घेण्याची रीत पश्चिमेकडे पुढे, साधारण नवव्या शतकापासून सर्वत्र रूढ होत गेली. तीही आदरापोटीच आली. तेव्हा या दोहोंपैकी कोणतीच रीत काल-परवाची नाही. हात पुढे करणाऱ्याला उद्धट म्हणू नये आणि जीभ पुढे करणाऱ्याला मागासलेला म्हणू नये, एवढा बोध यातून घेता येतो.

आता भाषेकडे वळू. रोममधील आरंभीच्या ख्रिस्ती जनांची उपासना ग्रीक भाषेत होत असे. सामान्य लोक लॅटिन बोलू लागले होते, म्हणून चौथ्या शतकाच्या सुमारास उपासना लॅटिनमध्ये आली. ज्या भाषेला आपण सनातन मानले, ती एके काळी लोकांना कळावे म्हणून आणलेली नवी भाषा होती! नवव्या शतकात सिरिल आणि मेथोदियस या बंधूंनी स्लाव्ह लोकांसाठी त्यांच्याच भाषेत उपासना सुरू केली. देवाची स्तुती हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत शोभते, असे म्हणणारे विरोधक तेव्हाही होते. परंतु ८८० साली पोप आठवे जॉन यांनी त्या उपासनेला मान्यता दिली. १५६२ साली त्रेंतच्या परिषदेने सर्वत्र लोकभाषेत मिस्सा करणे इष्ट नाही असे ठरवले खरे, पण त्याच वेळी मिस्सेतील गोष्टींचा अर्थ लोकांना वारंवार समजावून सांगावा, अशी आज्ञाही धर्मगुरूंना केली. १६१५ साली पोप पाचवे पॉल यांनी चिनी भाषेत उपासना करण्यास परवानगी दिली. ती प्रत्यक्षात उतरली नाही, पण दिली गेली होती.

त्यानंतर एकाच वर्षाने, १६१६ साली, गोव्यातील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ साली जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. पुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टी भागात रविवारी मुलांना धर्मशिक्षण चालले असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? प्रश्न रास्त होता. गोव्यात देशी धर्मग्रंथांवर बंदी आली होती, पोथ्या नष्ट केल्या गेल्या होत्या आणि ती पोकळी ज्यांनी निर्माण केली त्यांनाच हा माणूस जाब विचारीत होता. हे आपण झाकून ठेवू नये. स्टीफन्स यांनी उत्तर दिले ते मराठी ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांत. ज्ञानेश्वर-एकनाथांनी ज्या छंदात ईश्वराचे गुण गायिले, त्याच छंदात त्यांनी उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगितली. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. दरम्यान १६२९ व १६३४ साली एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच धर्मगुरूंनी संत पेत्रावरील मराठी पुराणही दोन भागांत प्रसिद्ध केले.

मग हे सारे आमच्या आठवणीतून गेले कसे? १६८४ साली गोव्याच्या विसरेईने आज्ञापत्र काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा आज्ञेने मरत नाही. लोकांनी ती घरात जपली. पण ग्रंथनिर्मितीला ओहोटी लागली. पुराणाच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती लोकांकडे हस्तलिखिते उरली होती. त्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीत हा ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीत छापलेले पुराण मराठी वाचकाच्या हाती पडायला १९५६ साल उजाडावे लागले. ते काम शांताराम बंडेलू यांनी केले. पुढे अवघ्या दहा-बारा वर्षांत मराठी मिस्सा आली आणि आपण म्हणालो, की देवाशी मराठीत बोलणे ही नवलाची गोष्ट आहे! मिस्सा मराठीत नवी होती, हे खरे. पण ख्रिस्ती भक्तीला मराठी तेव्हा साडेतीनशे वर्षांपासून ठाऊक होती.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे आपण अनादि समजतो त्यातील कितीतरी अलीकडचे आहे. 'नमो मरिया'च्या उत्तरार्धाला आजचे निश्चित रूप १५६८ सालच्या प्रार्थनाग्रंथात मिळाले. पापनिवेदनाचा लाकडी कक्ष सोळाव्या शतकात मिलानचे संत चार्ल्स बोरोमेओ यांच्यामुळे रूढ झाला. सात वर्षांच्या सुमारास मुलांना पहिला ख्रिस्तप्रसाद द्यावा, हा पोप दहावे पायस यांचा निर्णय १९१० सालचा आहे. या गोष्टी अलीकडच्या असल्याने कमी पवित्र ठरतात काय? मुळीच नाही. उलट, केवळ जुने म्हणून काहीही उचलून आणणे हेही शहाणपणाचे नव्हे, असा इशारा पोप बारावे पायस यांनी १९४७ सालच्या आपल्या परिपत्रकात दिला होता. वय पाहून कोणत्याही रीतीचा निवाडा होत नाही. तिने श्रद्धा जोपासली जाते की नाही, लोकांना देवाच्या जवळ जाता येते की नाही, हे पाहावे लागते. इतिहासाचा उपयोग एवढाच, की अज्ञानाने भांडण्याची पाळी येत नाही.

हे सारे आज लिहिण्याचे कारण आमच्या घरांत आहे. १६८४ साली भाषा सोडण्यासाठी आज्ञापत्र काढावे लागले. आज तसे काही काढावे लागत नाही. मुंबईपासून वसईपर्यंत आपली अनेक मुले इंग्रजी शाळांत शिकतात. त्यात गैर काही नाही, त्यांचे पोट त्यावर आहे. परंतु रविवारी मराठी वाचन करताना ती अडखळतात, आजीची सामवेदी त्यांना समजते पण बोलता येत नाही, आणि आपणही घरातील संध्याकाळची जपमाळ त्यांच्या सोयीसाठी इंग्रजीत म्हणू लागतो. हे कुणी लादलेले नाही. आपणच ते हळूहळू होऊ देत आहोत.

पुराण कठीण आहे, ही सबब आता उरलेली नाही. १९९६ साली कॅरिदाद द्रागो यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती निघाली, आणि २००९ साली फादर नेल्सन फल्काव यांनी आजच्या मराठीतील गद्य रूपांतरासह ग्रंथ उपलब्ध करून दिला. येत्या उपवासकाळात आठवड्यातून एक संध्याकाळ घरातल्या थोरांनी दहा ओव्या वाचाव्यात आणि मुलांनी त्यांचा अर्थ वाचावा, एवढे आपल्याला सहज जमेल. न केले तर काय होईल, हेही आपण पाहिले आहे. शंभर वर्षांनी कुणी नातू जुनी पोथी शोधून मंदिरात मराठी ओवी म्हणू लागेल आणि त्याच्या भोवतीचे लोक म्हणतील, "आमच्या वाडवडिलांच्या वेळी हे नव्हते!" त्या वेळी ते वाडवडील म्हणजे आपण असू.