रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने निर्णय कधी घ्यायचा?

“आईला काही कळत नाही, सही मीच करतो.” इस्रायलमध्ये नर्सची नोकरी करताना हे मी किती वेळा ऐकलं असेल! पण इथल्या १९९६ च्या रुग्ण हक्क कायद्याप्रमाणे उपचाराला संमती रुग्णाने स्वतः द्यायची असते. केवळ मुलगा किंवा नवरा म्हणून सहीचा अधिकार मिळत नाही.

मग कळतं की नाही, हे ठरवायचं कसं? डॉक्टर रुग्णाशी बोलून चार गोष्टी पाहतात. सांगितलेलं समजलं का? ते आपल्याच बाबतीत आहे हे उमगलं का? फायदा-तोटा तोलता येतो का? आणि आपला निर्णय सांगता येतो का? वय झालं, विसरायला होतं किंवा निर्णय डॉक्टरांना पटला नाही, एवढ्यावरून कुणी अक्षम ठरत नाही. शिवाय प्रत्येक निर्णयाचं वेगळं पाहायचं. बँकेचा हिशेब न जमणाऱ्यालाही इंजेक्शन हवं की नको, ते सांगता येतं.

आपल्या वयस्क माणसांच्या आड भाषा येते. एका मावशींच्या पायाचं बोट मधुमेहाने काळं पडलं होतं. हिब्रूतल्या प्रत्येक प्रश्नाला त्या नुसतं “केन, केन” म्हणायच्या. फाइलमध्ये ‘गोंधळलेली’ असं लिहिलं गेलं. मी मराठीत विचारलं तेव्हा म्हणाल्या, “बोट ठेवलं तर विष वर चढेल, समजलं गो. पण लेक परवा येते, तिला बघू दे, मग कापा.” दोन दिवस थांबायला डॉक्टर तयार झाले. सही मावशींनीच केली.

ताप, जंतुसंसर्ग किंवा औषधांमुळे आलेला गोंधळ पुष्कळदा उतरतो. थांबता येत असेल तर थांबून पुन्हा विचारावं. जिवाला धोका असेल आणि संमती घेणं शक्य नसेल, तर डॉक्टर तातडीचा उपचार करू शकतात.

एरवी दुसऱ्याने निर्णय घ्यायचा तर तो माणूस रुग्णाने आधी लेखी नेमलेला हवा, नाहीतर कोर्टाने नेमलेला पालक, म्हणजे अपोट्रोपोस. २०१७ पासून ‘यिपुय कोआख मितमशेख’ हे कायमचं मुखत्यारपत्रही करता येतं. मात्र ते समज शाबूत असतानाच करावं लागतं.

नेमलेल्या माणसाने स्वतःची नव्हे, रुग्णाची इच्छा पाहायची असते. म्हणून ती त्याला माहीत हवी. मी माझा कागद केला, त्याआधी मुलीला समोर बसवून मला काय हवं, काय नको, ते सगळं सांगितलं.