फ्लॉपी जन्मली कशासाठी?

आजचा भाग ऐकायला लागण्याआधी एक कबुली द्या. फोनवर 'अपडेट उपलब्ध आहे' असा निरोप आलाय आणि तुम्ही गेले तीन आठवडे 'नंतर आठवण करा' दाबताय. बरोबर ना? लाजू नका, मीही तेच करतो. फक्त माझ्या नोकरीत हेच बटण जरा मोठ्या डब्यावर असतं.

डबा म्हणजे काय ते आधी सांगतो. डेटा सेंटरमध्ये माणसाच्या उंचीपेक्षा मोठी लोखंडी कपाटं असतात, त्यांना रॅक म्हणतात. त्यात पिझ्झाचे दोन-तीन बॉक्स एकावर एक ठेवावेत एवढ्या जाडीचा एक ट्रे असतो. समोरून २४ डिस्क खोचलेल्या. मागे दोन पॉवर सप्लाय, पंखे, आणि दोन छोटी मॉड्युलं, ए आणि बी. याला म्हणतात डिस्क एन्क्लोजर, आमच्या बोलीत 'शेल्फ'. प्रत्येक डिस्कला दोन तोंडं असतात, एक ए कडे, एक बी कडे. सर्व्हरची एक केबल ए ला, दुसरी बी ला. एक मेलं तरी दुसरं आहे. सगळं दोन-दोन.

आणि हा शेल्फ मुका नसतो, बरं का. त्या मॉड्युलांत छोटा प्रोसेसर असतो. तो पंखे किती वेगाने फिरवायचे ते ठरवतो, तापमान बघतो, कुठल्या डिस्कचा लाल दिवा लावायचा ते बघतो. प्रत्येक डिस्कच्या आतही स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचा प्रोग्रॅम असतो. हे आतले प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. एका शेल्फमध्ये २४ डिस्कचे आणि दोन मॉड्युलांचे धरले तर २६ प्रोग्रॅम आरामात चाललेले असतात, आणि त्यातला एकही आपण लिहिलेला नसतो.

तर, माझी रात्र. नोकरीचं दुसरं वर्ष. कंपनीचं नाव घेत नाही, गिऱ्हाइकाचंही नाही. एक हॉस्पिटल होतं, त्यांचे सगळे जुने सीटी स्कॅन आणि एक्स-रे त्या शेल्फवर. मॉड्युलांचं फर्मवेअर जुनं झालं होतं आणि आम्हाला रात्री १ ते ३ अशी वेळ मिळाली होती. मी नवी मुंबईत, थंडगार हॉलमध्ये, स्वेटर घालून. सीनियर फोनवर, पुण्यात.

"पाथ बघितलेस का?"

"हो सर, दोन दिसतायत."

"मग सोड ए वर. तो परत येईपर्यंत बी ला हात लावू नकोस."

पद्धत साधी आहे. ए वर नवं फर्मवेअर चढवायचं. ए रिस्टार्ट होतो, दोन-तीन मिनिटं गायब राहतो. तेवढा वेळ सगळी ये-जा बी वरून. ए परत आला, २४ च्या २४ डिस्क दोन्हीकडून दिसल्या, की मग बी. मी कमांड टाईप केली. कमांडच्या नावात एक शब्द होता, 'मायक्रोकोड'. मला वाटलं, हा काय आजोबांच्या काळातला शब्द. एंटर दाबलं.

पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी त्या शब्दाकडे जाऊ. त्या रात्रीनंतर मी कित्येक दिवस त्याच्याच मागे होतो, आणि तो खरंच आजोबांच्या काळातला निघाला.

१९५१. इंग्लंडमधलं मँचेस्टर. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स एका परिषदेत एक कल्पना मांडतात. तोवर कॉम्प्युटरचं 'कंट्रोल', म्हणजे बेरीज करताना आधी कुठला दरवाजा उघडायचा आणि मग कुठला, हे तारांच्या जंजाळात पक्कं ठोकलेलं असायचं. विल्क्स म्हणाले, तारा कशाला? हाही एक बारीकसा प्रोग्रॅमच करू आणि मशीनच्या आतल्या एका छोट्या मेमरीत ठेवू. या कल्पनेला त्यांनी मायक्रोप्रोग्रॅमिंग म्हटलं. मशीनचा स्वभाव तारांत न राहता अक्षरांत आला. आणि अक्षरं म्हटली की खोडता येतात, बदलता येतात.

बदलायची कशी, हा पुढचा प्रश्न. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टीम ३६० जाहीर केली. तिच्या मॉडेल ३० मध्ये मायक्रोकोड कुठे असायचा माहितीये? पंच कार्डाच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या पातळ कार्डांवर. कार्डाला भोक पडलंय की नाही, यावर शून्य की एक ते ठरायचं. म्हणजे चूक सापडली की इंजिनिअरने नवं कार्ड पंच करायचं, मशीन उघडायचं, जुनं कार्ड काढून नवं घालायचं. हे झालं फर्मवेअर अपडेट! पेट्रोल पंपावर टायरचं पंक्चर काढावं तसं. बायोडेटामध्ये 'फर्मवेअर अपग्रेडचा अनुभव' लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने हे डोळ्यांपुढे आणून बघावं.

'फर्मवेअर' हा शब्द मात्र अजून जन्मला नव्हता. तो १९६७ मध्ये ॲशर ऑप्लर यांनी 'डेटामेशन' मासिकातल्या लेखात वापरला. हार्डवेअर म्हणजे कडक, सॉफ्टवेअर म्हणजे मऊ, आणि हे दोघांच्या मधलं, घट्टसर. नाव चपखल बसलं.

त्याच १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आयबीएममध्ये, एक काम सुरू झालं आणि इथे या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता तुकडा येतो. पुढची पिढी, सिस्टीम ३७०, यायची होती. तिच्या काही मॉडेलांत मायक्रोकोड नव्या पद्धतीच्या सेमीकंडक्टर मेमरीत राहणार होता. फायदा हा की तो सहज बदलता येतो. तोटा हा की वीज गेली की सगळं पुसलं जातं. म्हणजे मशीन रोज सुरू करताना तिला ती कोण आहे हे पुन्हा शिकवायचं. त्यासाठी हवं होतं एक स्वस्त, साधं साधन. शिवाय बदल झाला की जगभरच्या गिऱ्हाइकांना तो पाठवता आला पाहिजे, आणि पाठवायचा खर्च पाच डॉलरच्या आसपास बसला पाहिजे.

ॲलन शुगार्ट यांच्या विभागात डेव्हिड नोबल यांच्याकडे हे काम आलं. टेप वगैरे पर्याय बघून झाले आणि शेवटी निघाली लवचिक प्लॅस्टिकची, ८ इंचांची एक चुंबकीय तबकडी. धुळीने खराब व्हायची, म्हणून तिला आतून मऊ कापड लावलेला लिफाफा घातला. फिरता फिरता स्वतःच पुसली जाईल अशी सोय. त्यावर जेमतेम ८० किलोबाइट मावायचे. गिऱ्हाइकाच्या मशीनला तिच्यावर काही लिहिता यायचं नाही, फक्त वाचता यायचं.

ओळखलंत? फ्लॉपी डिस्क! आपल्या ॲपमध्ये 'सेव्ह' करायला जे चौकोनी चित्र असतं, ती. आपल्याला वाटतं ती पत्रं आणि गेम साठवायला निघाली. छे. ती निघाली फर्मवेअर नेऊन पोचवायला. आणि १९७१ मध्ये ती बाजारात आली तेव्हा सिस्टीम ३७० च्या काही मॉडेलांखेरीज बसली होती कुठे? आयबीएमच्या ३८३० नावाच्या पेटीत. ही पेटी म्हणजे मोठ्या ३३३० डिस्कचा कंट्रोलर. डिस्कच्या कपाटाला फर्मवेअर पाजायला एक छोटी डिस्क! आमच्या शेल्फचा थेट पूर्वज म्हणा ना. जाता जाता, हेच शुगार्ट पुढे १९७९ मध्ये आणखी काही जणांबरोबर सीगेट कंपनी काढणार होते. आज माझ्या शेल्फमध्ये त्या कंपनीच्या कितीतरी डिस्क असतात.

मधला काळ भराभर सांगतो. त्याच १९७१ मध्ये इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम आणली. वर काचेची खिडकी असलेली चिप. अतिनील प्रकाशाखाली ठेवायची, पुसली जायची, मग पुन्हा लिहायची. म्हणून खिडकीवर स्टिकर लावून ठेवायचे. अपडेट म्हणजे चिमट्याने चिप उपटायची आणि नवी बसवायची, एक पाय वाकला की संपलं. मग तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे ठेवली. आता मशीन न उघडता, केबलवरूनच, क्षणात पुसा आणि लिहा. तेव्हापासून अपडेट करणं सोपं झालं, आणि सोपं झाल्यामुळे धोका वाढला, असं माझं मत आहे. कार्ड बदलायला माणूस यायचा तेव्हा तो एका वेळी एकच मशीन बिघडवू शकायचा. मी एका कमांडने रॅकच्या रॅक बिघडवू शकतो.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण खरी गोम इथे आहे. १९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडवर तो प्रसिद्ध निबंध लिहिला. स्वस्तातल्या पुष्कळ डिस्क एकत्र बांधा, थोडी जास्तीची माहिती लिहून ठेवा, एक मेली तर उरलेल्यांवरून तिचा मजकूर परत काढता येतो. सगळं जग आज यावर चालतं. यात एक गृहीत आहे. डिस्क आपापल्या मरणाने मरतात. आज ही, सहा महिन्यांनी ती.

पण सगळ्या डिस्कच्या आत एकच प्रोग्रॅम असेल तर?

नोव्हेंबर २०१९. एचपीई कंपनीने जाहीर सूचना काढली. त्यांच्या काही एसएसडींचं फर्मवेअर जुनं राहिलं, तर त्या ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. डिस्क परत येणार नाही, तिच्यातला डेटाही नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. कॉम्प्युटरवाल्याला ही संख्या बघताक्षणी ओळखू येते. दोनाचा पंधरावा घात. १६ बिटांच्या चिन्हयुक्त आकड्यात ३२,७६७ पर्यंतच मोजता येतं. जुन्या स्कूटरचा काटा ९९,९९९ च्या पुढे गेला की शून्यावर यायचा, तसं. फक्त इथे काटा शून्यावर न जाता थेट उणे होतो.

आता विचार करा. शेल्फ नवा आला, २४ डिस्क एकाच दिवशी खोचल्या, एकाच वेळी स्विच टाकला. सगळ्यांची घड्याळं जुळलेली. एक गेली, रेड म्हणते काळजी नको. दुसरी गेली. तासाभरात सगळी रांग. त्या सूचनेत हेही स्पष्ट म्हटलं होतं, की एकाच वेळी चालू केलेल्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी जातील. मार्च २०२० मध्ये दुसरी सूचना आली, आणखी काही डिस्क, या वेळी आकडा ४०,००० तास. दोन्हीवर उपाय एकच. फर्मवेअर अपडेट करा, तो आकडा गाठायच्या आत.

म्हणून 'चालतंय ना, मग हात लावू नकोस' हे ज्येष्ठांचं वाक्य मला आता अर्धंच पटतं. हात न लावणं हीसुद्धा कधीकधी तारीख ठरलेली कृती असते.

दुसरी बाजूही सांगतो. डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याची मोठी स्टोरेज यंत्रणा कोलमडली आणि तिथल्या ऑनलाइन सेवा ठप्प झाल्या. पुढे खात्याचा जो अहवाल आला त्यात दोन गोष्टी हातात हात घालून होत्या, नीट न बसवलेल्या फायबर केबली आणि डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममधले दोष. वर कहर म्हणजे, यंत्रणा परत उभी करायची कितीतरी साधनं त्याच पडलेल्या स्टोरेजवर ठेवलेली होती. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप!

हे वाचताना मी हसलो नाही, कारण केबलचं मला चांगलंच माहीत होतं.

तर, एंटर दाबलं. ए रिस्टार्ट झाला. आणि स्क्रीनवर २४ च्या २४ डिस्क गायब. एक नाही, दोन नाही, सगळ्या. फोनवर सीनियर विचारतायत, "बी वरून चालू आहे ना?" आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

झालं होतं असं. पाथ दोनच होते, खरं. पण कधीतरी कुणीतरी शेल्फ बसवताना दोन्ही केबली ए च्याच दोन पोर्टांत खोचल्या होत्या. बी ला सर्व्हरची एकही केबल नव्हती. दोन्ही मॉड्युलं आतून एकमेकांशी बोलतात, म्हणून माझ्या यादीत बी छान हिरवा दिसत होता. चेकलिस्टवर प्रश्न होता 'पाथ दोन आहेत का?' मी 'हो' लिहिलं. ते दोन कुठून कुठे जातात, हा प्रश्न कागदावर नव्हता आणि माझ्या डोक्यातही आला नाही. पाच पावलं चालून रॅकच्या मागे गेलो असतो तर नुसत्या डोळ्यांनी दिसलं असतं.

तीन मिनिटांत ए परत आला, पण तोवर रेडने सगळ्या डिस्क हरवल्याचं मान्य करून टाकलं होतं. सगळं पुन्हा जुळवून, तपासून उभं करायला पन्नास मिनिटं लागली. त्या पन्नास मिनिटांत हॉस्पिटलमधून एक फोन आला. रात्रपाळीचा टेक्निशियन. "सर, पेशंट आत घेतलाय, डॉक्टरांना मागच्या महिन्याचा स्कॅन बघायचाय, उघडत नाहीये. किती वेळ लागेल?" मी म्हणालो, "दादा, अर्धा तास." तो म्हणाला, "अर्धा तास नाहीये सर," आणि फोन ठेवला. डॉक्टर जुन्या स्कॅनशिवाय पुढे गेले.

डेटाचा एक बाइटही गेला नाही. अहवालात लिहिलं, 'नुकसान शून्य'. तो शब्द मीच टाईप केला आणि अजून खुपतो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा वेळ मिळाली. या वेळी आधी टॉर्च घेऊन रॅकच्या मागे गेलो. सर्व्हरपासून एक-एक केबल बोटाने धरून शेल्फपर्यंत नेली, एक ए ला, एक बी ला, आणि दोन्हींना लेबलं चिकटवली. चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवली, 'केबल हाताने तपासली'. मग हॉस्पिटलला फोन लावला. तोच टेक्निशियन होता. त्याला विचारलं, आत्ता कुणी आत आहे का.

"दहा मिनिटं थांबा सर," तो म्हणाला. आम्ही थांबलो.