दुब्राईची चौकी आणि पूर्वजांचा शोध

मराठवाड्यातील आपल्या अनेक घरांत "आमचे खापरपणजोबा पलटणीत होते" एवढेच एक वाक्य पिढ्यानपिढ्या जपलेले असते. पलटण कोणती, लढाई कोणती, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. त्या एका वाक्यापासून इतिहासापर्यंत कसे पोहोचावे, याचा विचार आपण एका विस्मृत प्रसंगाच्या आधारे करू.

दुसऱ्या अफगाण युद्धात (१८७८-८०) मैवंदच्या पराभवाची चर्चा पुष्कळ होते. पण कंदाहारच्या वाटेवरील दुब्राईच्या चौकीचे नाव फारसे कोणी घेत नाही. १६ एप्रिल १८८० रोजी शेकडो हल्लेखोरांनी ही चौकी वेढली. मुंबई लष्कराच्या १९ व्या पलटणीचे मेजर सिडनी जेम्स वॉडबी आणि त्यांचे दोन शिपाई, इलाही बक्ष व सोननाक ताननाक, अखेरपर्यंत लढून तेथेच पडले. मुंबईत या मेजरच्या नावाचा रस्ता होता. तोच आजचा हजारीमल सोमाणी मार्ग. सोननाकांचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

या नावातच संशोधनाची पहिली किल्ली आहे. शिपायाचे नाव, त्यामागे बापाचे नाव आणि दोन्हींच्या अखेरीस 'नाक'. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईच्या स्तंभावरील नावांतही २२ नावे अशीच आहेत. लष्करी कागदांत जात नोंदलेली नसली, तरी हा प्रत्यय साक्ष देतो. आजचे आडनाव घेऊन जुनी यादी चाळणाऱ्याच्या हाती म्हणूनच सहसा काही लागत नाही.

दुसरी किल्ली पलटणीची बदलती नावे. सोननाकांची १९ वी पलटण १९०३ साली ११९ वी झाली आणि १९२२ च्या पुनर्रचनेत नवव्या जाट रेजिमेंटमध्ये गेली. ज्या पलटणीसाठी आपल्या माणसाने प्राण दिला, तिच्या नावावरून आज त्याचा मागमूसही लागत नाही. वडीगोद्रीच्या घरांना तर आणखी एक वळण घ्यावे लागेल. अंबड तालुक्यातील हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. जालना जिल्हा झाला तो १९८१ साली. तेव्हा पूर्वज मुंबई लष्करात होता की १९०३ साली भारतीय सैन्यात विलीन झालेल्या हैदराबाद कॉन्टिन्जन्टमध्ये, हे आधी ठरवावे लागते. घरात जुने पदक असेल तर त्याची कड पाहावी. अफगाण युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असे. पेन्शनचा वा बडतर्फीचा कागद मोडीत असो वा उर्दूत, तो जाणकाराकडून वाचून घ्यावा.

हा खटाटोप कशासाठी? दुब्राईनंतर पुरती पंधरा वर्षेही लोटली नव्हती, तोच 'लढवय्या जाती'च्या सिद्धान्ताखाली आपल्या समाजाची सैन्यभरती थांबविण्यात आली. सेवानिवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केले, ते या अन्यायाविरुद्ध. पहिल्या महायुद्धात गरज पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडण्यात आली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ साली बेळगावी महार रेजिमेंट स्थापन झाली. जे शौर्य आपल्यात नाही असे सांगितले गेले, त्याचे उत्तर सरकारच्याच दप्तरात लिहिलेले होते.

आपण युद्धाचे पूजक नाही. तथागतांचा धम्म मैत्रीचा आहे. परंतु वैशालीचा सीह सेनापतीही तथागतांचा उपासक झाला होता. सैनिकी सेवेने आपल्या घरांत अक्षर आणले, हेही विसरून चालणार नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते.

म्हणून आपली विनंती आहे : घरातील वृद्ध मायमाउलींकडे आजच बसा, त्यांनी ऐकलेली नावे बापाच्या नावासह लिहून घ्या. कागद पुढेही सापडेल. तो कुणाचा, हे सांगणारा आवाज मात्र पुन्हा मिळणार नाही.