घरातलं लेथ

तर झालं असं, की आमच्या मनीषनगरच्या घरी जिथे स्कूटर उभी असायची, तिथे तीन वर्षांपूर्वी एक लेथ येऊन बसलं. दोन फुटी बेडचं, जुनं, नावाची पट्टीही उडालेली. एक वर्कशॉप बंद होत होतं, भंगारवाल्याच्या आधी मी पोचलो. चौघांनी उचलून आणलं तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "काय करता जी याचं?"

उत्तर सोपं नव्हतं. मी आयुष्यभर बँकेत. टर्नर होते ते बाबा, गिरणीच्या वर्कशॉपमध्ये.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. गिरणी म्हटली की आपल्याला माग आणि चात्या आठवतात. पण शाफ्ट झिजतात, बुश खराब होतात, आणि ते करून देणारं वर्कशॉप मागच्या बाजूला असावंच लागतं. एम्प्रेस २००२ साली बंद झाली. कापडाचा इतिहास लिहिला गेला, मागच्या वर्कशॉपचा कोण लिहिणार?

लेथचा इतिहास मात्र मजेदार आहे. पूर्वी आटे हातानं पाडत, त्यामुळे एका बोल्टची नट दुसऱ्याला बसेलच असं नसे. लंडनच्या हेन्री मॉडस्लेनं १८०० च्या सुमारास असं लेथ बनवलं, की लीड स्क्रू आणि गिअर यांच्या जोरावर टूल आपोआप ठरल्या गतीनं सरके. एकसारखे आटे हवे तितके! हा मॉडस्ले आधी जोसेफ ब्रामाकडे नोकरीला होता. आठवड्याला ३० शिलिंग मिळत, वाढ मागितली, ती नाकारली गेली. १७९७ मध्ये त्यानं स्वतःचं दुकान थाटलं.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचं तेच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना बढती डावलली गेली, नोकरी सोडून ते बेळगावला आले. लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी मानत, तेव्हा त्यांनी लोखंडी नांगर केले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली. ती लेथ बनवायची. अनेक वर्कशॉपमधून त्यांची यंत्रं फिरली. आता तो कारखानाही नाही.

दोघांनाही मोठं केलं ते डावलल्या जाण्यानं, असं म्हणायचा मोह होतो. पण डावललेले तर हजारो असतात. या दोघांच्या हातात काम होतं, हा फरक.

बाबांच्या हातातही होतं. गिरणी सुटल्यावर मात्र त्यांनी त्याबद्दल बोलणंच सोडलं. लेथ आणलं तेव्हा मला वाटलं, खूश होतील. ते नुसतं बघून आत गेले. "बँकेत होतास तेच बरं होतं," एवढंच म्हणाले. मला लागलं ते.

मग एका उन्हाळ्यात कूलरच्या पंख्याचा बुश गेला. म्हटलं, आपणच करू. पितळेचा तुकडा चकमध्ये धरला आणि सुरू केलं. यंत्र किंचाळायला लागलं, पितळेवर लाटा उठल्या. कट कमी करून पाहिला, वेग बदलून पाहिला, काही फरक नाही. तेवढ्यात आतून, पलंगावरूनच आवाज आला:

"टूल फार बाहेर काढलंयस. आत घे."

घेतलं. किंचाळणं थांबलं. न बघता, भिंतीपलीकडून, पंच्याऐंशीव्या वर्षी! काही वेळानं काठी टेकत ते स्वतः आले. हात थरथरतात, मापाला हात लावला नाही. फक्त चकची चावी चकमध्येच राहिली होती, ती काढून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी दहा वर्षांचा झालो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांची खुर्ची लेथजवळ असते. थोडं थोडं बोलतात. कोणता साहेब मायक्रोमीटर कुलुपात ठेवायचा, पहिल्या पगाराचं काय आणलं, वगैरे. मी लिहून ठेवतो आहे.

बुश बरा झाला. कूलर थोडा आवाज करतो, पण चालतो. काकांना उत्तर अजून दिलेलं नाही. असो.