‘ही सिगारेट थोडीच आहे?’

मिसरूड फुटण्याच्या वयात चोरून सिगारेट ओढणाऱ्या मुलाला आपण काहीतरी वावगे करीत आहोत, याची निदान जाणीव असे. तोंडाला येणारा वास हाच त्याचा सर्वात मोठा शत्रू. ई-सिगारेटने हा शत्रू नाहीसा केला आणि त्याच्याबरोबर ती जाणीवही पुसट केली. ‘ही सिगारेट थोडीच आहे? नुसती वाफ आहे,’ हा समज या व्यसनाच्या मुळाशी आहे.

वस्तुतः ती वाफ नव्हेच. चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये आजच्या ई-सिगारेटचा आराखडा तयार केला. बॅटरीवर तापणारी तार प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वाद यांच्या द्रावणाचे सूक्ष्म कण हवेत सोडते आणि तेच कण फुप्फुसात जातात. तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर नाही, हे खरे. धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी हा युक्तिवाद काही देशांत मान्यही झाला. पंधरा वर्षांच्या मुलाने मात्र मुळात सिगारेट ओढलेलीच नसते, तेव्हा तो सोडणार काय?

या प्रश्नाचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला. तेथील राष्ट्रीय पाहणीनुसार माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत ई-सिगारेट ओढणारे विद्यार्थी २०११ मध्ये १.५ टक्के होते, ते २०१८ मध्ये २०.८ आणि २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेले. मुलगे व मुली यांच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता. धुराची वर्तुळे काढण्याच्या करामती आणि ढग सोडण्याच्या चढाओढी हे मात्र प्रामुख्याने मुलग्यांचे क्षेत्र. त्यात शौर्य आहे, कौशल्य आहे आणि मित्रांची दादही. २०१६ च्या पाहणीत ई-सिगारेट ओढण्याचे कारण विचारले असता ३९ टक्के विद्यार्थ्यांनी मित्र किंवा घरच्यांपैकी कोणी ओढते असे सांगितले, ३१ टक्क्यांनी स्वादांचे नाव घेतले, तर १७ टक्क्यांनी ती इतर तंबाखूपेक्षा कमी घातक असल्याचे कारण दिले.

२०१५ मध्ये बाजारात आलेल्या ‘जूल’ने परिस्थिती बदलली. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे हे उपकरण मुठीत लपे. कंपनीच्याच माहितीनुसार त्याच्या एका पॉडमध्ये सिगारेटच्या सुमारे एका पाकिटाइतके निकोटिन होते. क्षाररूपातील हे निकोटिन घशाला खवखवत नसे. आंबा किंवा पुदिन्याच्या स्वादामागे ते दडून गेले. ‘ट्रुथ इनिशिएटिव्ह’ या संस्थेच्या अभ्यासात, १५ ते २४ वयोगटातील ‘जूल’ वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्के जणांना त्यात नेहमीच निकोटिन असते हे ठाऊकच नव्हते! मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत सुरू असते आणि या काळातील निकोटिन एकाग्रता व आत्मसंयम यांवर परिणाम करते, असे वैद्यकशास्त्र सांगते.

अमेरिकेच्या सर्जन जनरलनी डिसेंबर २०१८ मध्ये या प्रकाराला साथ म्हटले. पुढे तंबाखूखरेदीचे किमान वय २१ झाले, अनेक स्वादांवर निर्बंध आले आणि २०२४ मध्ये वरच्या वर्गांतील प्रमाण ७.८ टक्क्यांवर उतरले.

भारताने थेट बंदीचा मार्ग स्वीकारला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या वटहुकमाचे डिसेंबरमध्ये कायद्यात रूपांतर झाले. उत्पादन, आयात, विक्री वा जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गुन्हा पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ओढणाऱ्यासाठी मात्र स्वतंत्र शिक्षा नाही. बंदीच्याच वर्षी झालेल्या जागतिक युवा तंबाखू पाहणीत १३ ते १५ वयोगटातील सुमारे २८ टक्के भारतीय विद्यार्थ्यांना ई-सिगारेट ऐकून ठाऊक होती. दुकानातून ती हटली, तरी मोबाइलच्या पडद्यावरील ढगांच्या करामती हटलेल्या नाहीत. घरात त्या वासाने सापडत नाहीत, एवढाच फरक.